कच्चा आवाज

ग्लेनने तो तुकडा दुसऱ्यांदा लावला तेव्हा केतकीने कानांवरचा हेडफोन ओढून काढला.

"कोण वाजवतंय हे?"

"विश्राम."

"चल, काहीतरीच. विश्राम असा वाजवतो होय? वर्षभर ऐकलंय की मी त्याला. झोप यायची ऐकून."

"मलाही यायची. म्हणून तर फोनवर काही बोललो नाही, तुला इथे बोलावलं." ग्लेनने खुर्ची तिच्याकडे वळवली. त्याचा चेहरा पार उतरला होता. "परत ऐक. या वेळी शेवटपर्यंत ऐक."

केतकीने हेडफोन पुन्हा चढवला. नुसती बेस गिटार होती, सोबतीला काहीच नव्हतं. गाणं तिचंच, नव्या अल्बममधलं 'मिठागर'. पहिली दोन कडवी विश्रामने सरळ नेली. तिसऱ्याच्या तोंडाशी त्याने चार मात्रांचा ठेका मोडला, सातांत शिरला, सर्वांत जाड तारेवर एकच सूर धरून हट्टाने बसून राहिला आणि मग त्या सुराच्या पोटातून असा काही वर आला की केतकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे गाणं तिने स्वतः लिहिलं होतं. त्यात ही जागा आहे हे तिला ठाऊकही नव्हतं.

आणि हा वाजवणारा माणूस तिने दोन महिन्यांपूर्वी बँडमधून काढून टाकला होता. का, तर त्याच्याकडे आता नवं काही उरलं नाही म्हणून.

'कच्चा रस्ता' हा तिघांचा बँड. केतकी शेंबेकर गायची, गिटार वाजवायची आणि गाणी लिहायची. विश्राम कांदळगावकर बेसवर, ग्लेन परेरा ड्रमवर. कोल्हापुरात शिकत असताना तिघांची गाठ पडली, आणि शिक्षण यथातथाच झालं तरी बँड मात्र उभा राहिला. केतकी तिथलीच, त्यामुळे अस्सल कोल्हापुरी मुलींसारखी स्वतःबद्दल 'मी गेलो, मी बोललो' असं म्हणायची. पुण्यामुंबईची माणसं ऐकून दचकायची, पण तिला त्याचं काही नसायचं.

त्यांचे पहिले दोन अल्बम गाजले. मराठीत ऑल्टरनेटिव्ह रॉक कोण ऐकणार, असं नाक मुरडणाऱ्यांनीही ते ऐकले. एका समीक्षकाने लिहिलं होतं की या पोरांच्या अल्बममध्ये दहा गाणी म्हणजे दहा गावं असतात, एका गावचं पाणी दुसऱ्या गावाला नाही. हे वेगळेपण कुठून येतं, असं मुलाखतीत विचारलं की तिघंही एकमेकांकडे बघून हसायची आणि विषय बदलायची. कारण ते त्यांच्या एका रिवाजातून यायचं, आणि त्या रिवाजाबद्दल बोलायचं नाही हाच त्यातला मुख्य नियम होता.

रिवाजाचं नाव फाटा. गाणं चालू असताना तिघांपैकी कुणीही, कधीही, न सांगता रस्ता सोडायचा. सूर बदलायचा, ताल मोडायचा, गप्प बसायचं, ओरडायचं, काय वाटेल ते करायचं. उरलेल्या दोघांनी त्याच्या मागोमाग जायचं. आवडो न आवडो, खड्डा दिसत असला तरी जायचं. आणि नंतर त्या फाट्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जमला तरी शाबासकी नाही, फसला तरी तक्रार नाही. तू आज फाटा का घेतला नाहीस, असंही विचारायचं नाही. बोललं की माणूस पुढच्या वेळी विचार करून फाटा घेतो, आणि विचार करून घेतलेला फाटा म्हणजे डांबरी रस्ताच, असं विश्रामचं म्हणणं होतं. हा नियम त्यानेच घातला होता.

पुढे संसार सुरू झाले आणि तिघं तीन दिशांना पांगली. विश्राम मालवणला वडिलांचा बर्फाचा कारखाना सांभाळायला गेला. ग्लेन वसईला आपल्या घरी परतला आणि केळीच्या वाडीतल्या जुन्या खोलीत त्याने छोटा स्टुडिओ थाटला. केतकी कोल्हापुरातच राहिली, कॉलेजात भूगोल शिकवू लागली. तिसरा अल्बम करायचा तर एकत्र बसणार कधी? तेव्हा ग्लेनने ती पेटी भाड्याने आणली. तिघांच्या घरी एकेक.

पेटीचं नाव 'अगोदर'. अडचण जुनीच होती. लांबच्या माणसाशी गप्पा मारता येतात, पण त्याच्याबरोबर वाजवता येत नाही. आवाज तारेतून सुसाट जातो हे खरं. पण मालवणहून वसईला पोचेपर्यंत त्याला मध्ये कितीतरी यंत्रांच्या दारांत रांग लावावी लागते. बोलताना तो उशीर जाणवत नाही. वाजवताना मात्र सेकंदाच्या वीस-तिसाव्या भागाचा उशीरही पुरतो. ड्रमवाल्याला वाटतं बेसवाला रेंगाळतोय, म्हणून तो जरा थांबतो. बेसवाल्याला वाटतं ड्रमवाला थांबला, मग तोही थांबतो. असं करत करत गाणं बसकण मारतं.

'अगोदर' पेटीने हा उशीर गिळून टाकला. तिची युक्ती आपल्या मेंदूचीच होती. आपण गाणं ऐकतो तेव्हा पुढचा सूर कानावर पडण्याआधीच मेंदू तो धरून बसलेला असतो. खरा सूर आला की नुसता ताळा जुळवतो. पेटीही तेच करायची. विश्रामचं आजवरचं सगळं वाजवणं तिला ऐकवलं की केतकीच्या घरच्या पेटीत एक विश्राम तयार व्हायचा. खऱ्या विश्रामचा सूर पोचण्याआधी हा पेटीतला विश्राम तो सूर अंदाजाने वाजवून मोकळा व्हायचा, अगदी वेळेवर. मागाहून खरा सूर आला की पेटी दोन्ही पडताळायची आणि थोडाफार फरक असेल तर हळूच सावरून घ्यायची. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नसे.

आणि फरक फारच मोठा असला तर? तर हा माणसाचा सूर नसून लाईनीतली खरखर असणार, असं पेटी धरून चालायची आणि आपला अंदाजच पुढे वाजवत राहायची. कानाला त्रास नको, एवढाच तिचा उद्देश. माहितीपत्रकात हा तिचा खास गुण म्हणून छापला होता. तो तिघांनीही वाचला होता आणि तिघांनाही आवडला होता.

"म्हणजे फाटा घेतला की..." केतकी एवढंच बोलली आणि थांबली.

"पेटीला वाटायचं, लाईन खराब झाली," ग्लेन म्हणाला. "ती गुपचूप सरळ रस्त्यावरचा विश्राम ऐकवायची. वर्षभर आपण त्या विश्रामबरोबर वाजवत होतो. हे त्याचं कार्ड. पेटीत प्रत्येकाचा स्वतःचा कच्चा आवाज साठतो ना, अंदाज नाही, दुरुस्ती नाही, तो हा. त्याने पेटी परत धाडली तेव्हा कार्ड आतच राहिलं होतं. त्याच्या जागी नवीन पोरगा घेतलाय आपण, त्याला मूळ सूर दाखवावेत म्हणून लावलं, तर हे."

"सगळ्या गाण्यांत असंच आहे?"

"सगळ्या. एकेका गाण्यात चार-चार फाटे. वेड्यासारखं वाजवलंय त्याने. आणि त्या प्रत्येक फाट्यावर आपण दोघं सरळ चाललोय."

केतकीने हेडफोन बाजूला ठेवला. पण ग्लेनचं बोलणं संपलं नव्हतं. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

"तुझ्या पेटीतलं कार्ड आणायला सांगितलं होतं, आणलंयस? दे जरा."

त्याने ते लावलं. आता खोलीत केतकीचा आवाज घुमू लागला. 'मिठागर'च्या शेवटी ती शब्द सोडून नुसत्या श्वासावर आली होती आणि मग एकाच शब्दावर इतकी उंच गेली होती की आवाज चिरकून फाटला होता. ते फाटणं तिने मुद्दाम राहू दिलं होतं. तिला तो दिवस आठवत होता. आपण एवढं करतोय आणि हे दोघं ढिम्म हलत नाहीत, या संतापात ती गायली होती.

ग्लेन तोंडावर हात धरून बसला होता.

"हे तू गायलीस? मला तर तू शाळेतल्या प्रार्थनेसारखी ऐकू यायचीस. मी मनात म्हणायचो, बाई म्हातारी झाली."

"आणि मी म्हणायचो, ग्लेन केळीत रमला."

दोघंही हसली नाहीत. ग्लेनने आपलाही कच्चा आवाज लावला आणि तिन्ही एकावर एक चढवले. जे ऐकू आलं ते ऐकवेना. विश्राम सातांत जात होता तेव्हा ग्लेन चारांतच होता, कारण त्याच्या कानातला विश्राम चारांत होता. केतकी श्वासावर आली तेव्हा बाकीचे दोघे भरधाव निघाले होते. तिघांनीही जिवाच्या आकांताने फाटे घेतले होते आणि कुणाच्याही मागे कुणीही गेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच जिवंत आहोत, बाकीचे दोघे संपले. आणि कुणी कुणाला विचारलं नाही, कारण फाट्याबद्दल बोलायचं नाही हा नियम. दुसरा कुठलाही बँड असता तर पहिल्याच आठवड्यात शिव्या घालून मोकळा झाला असता आणि पेटीचा घोटाळा तिथेच उघडा पडला असता. यांनी नियम पाळला.

त्या क्षणी केतकीला एक गोष्ट कळली. पहिल्या दोन अल्बमांतली दहा-दहा गावं कुणा एकाच्या डोक्यात कधीच नव्हती. वेडावाकडा सूर लावायला एकटा माणूस पुरतो. त्या सुरामागे दुसरा जिवाची पर्वा न करता धावत येतो, तेव्हा त्याचं गाणं होतं. वर्षभर तिघांनी सूर लावले, पण मागे येणारं कुणीच नव्हतं.

"ग्लेन," ती एकदम म्हणाली, "पेटीतून आपण बोलायचोपण."

ग्लेनने मान हलवली. "तेच सांगायचं होतं तुला."

बोलणंही त्याच पेटीतून जायचं. लाईन तुटली की पेटी माणसाच्या नेहमीच्या बोलण्यावरून चार-सहा वाक्यं भरून काढायची. 'हं', 'होय', 'बघू की' एवढंच असेल, असं तिघांनी गृहीत धरलं होतं. आणि विश्रामला बँडमधून काढायचं बोलणं केतकीने पेटीतूनच केलं होतं. त्या दिवशी वाजवून झाल्यावर ग्लेन उठून गेला होता. ती म्हणाली होती, "विश्राम, तुझं संपलंय. या अल्बममध्ये तू नकोस." तिकडून उत्तर आलं होतं, "बरं. तू म्हणशील तसं."

एवढंच. अठरा वर्षांची मैत्री आणि गडी म्हणतो, तू म्हणशील तसं! केतकीला त्याचाच जास्त राग आला होता. भांडला असता तर कदाचित तिने शब्द मागे घेतला असता. नंतर त्याने पेटी परत पाठवली. फोन नाही, निरोप नाही. तिनेही केला नाही.

"लाव ते," ती म्हणाली.

ग्लेनने दोघांची कार्डं घड्याळाप्रमाणे जुळवून लावली. आधी विश्रामचा आवाज आला, जरा अडखळत:

"केतकी, ऐक गो. या पेटीतून काय मजा नाय. मला एकट्यानेच वाजवल्यासारखं वाटतं. मी उद्या गाडी घेऊन तिकडे येतो. समोरासमोर बसूया. येऊ?"

त्याच वेळी केतकीच्या कार्डावर केतकी म्हणत होती, "विश्राम, हॅलो? ऐकायलास काय? आवाज येईना तुझा."

मग विश्रामकडे थोडी शांतता. त्याच्या कानात कुणीतरी काहीतरी बोलत असणार. ते कार्डावर नव्हतं. मग त्याचा आवाज, एकदम खाली गेलेला: "असा म्हणतंस?" पुन्हा शांतता. "बरा गो." आणि खट्‌कन बटण बंद.

त्यानंतर, त्याचं कार्ड मुकं झाल्यानंतर, केतकीच्या कार्डावर केतकीचा स्वच्छ, थंड आवाज उमटला: "विश्राम, तुझं संपलंय. या अल्बममध्ये तू नकोस."

तिकडे कुणी नव्हतंच. तिने अठरा वर्षांचा मित्र एका रिकाम्या लाईनवर तोडला होता आणि 'तू म्हणशील तसं' हे पेटीने म्हटलं होतं.

ग्लेनने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला. "एका अर्थी चांगलंच झालं बघ. तू जे बोललीस ते त्याने ऐकलंच नाही. पेटीने त्याला 'येऊ नको, नंतर बघू' असलं काहीतरी सांगितलं असणार, म्हणून तो रुसला. जा, त्याला भेट. पेटीचा घोटाळा सांग, त्याचे सूर ऐकलेस म्हणून सांग. बाकी मनात ठेव. कशाला उगाच?"

केतकीने मान हलवली. तिलाही ते पटलं. एवढी एक गोष्ट नशिबाने वाचली होती, ती आपण होऊन कशाला घालवायची? तिने वसईहूनच कोकणची गाडी पकडली. कुडाळला उतरून मालवणला पोचेपर्यंत ती मनात काय बोलायचं ते घोकत होती आणि प्रत्येक वेळी ती दोन वाक्यं काळजीपूर्वक वगळत होती.

बर्फाच्या कारखान्याला लागूनच विश्रामचं घर. दारात त्याची बायको सुगंधा मासे साफ करत होती. केतकीला बघून तिचे हात थांबले. "येवा," ती म्हणाली, पण नेहमीसारखं हसली नाही. "बसा. आसत ते भायर, बोलवतंय."

विश्राम हात पुसत आला. बारीक झाला होता. त्याने केतकीला बसायला सांगितलं आणि स्वतः उभाच राहिला.

केतकीने सगळं सांगितलं. सूर, खरखर, सरळ रस्त्यावरचे तिघे, वर्षभराचा मूर्खपणा. सांगता सांगता तिला हुंदका आला. "तू वाजवलेलं मी ऐकलंच नव्हतं रे. काल पहिल्यांदा ऐकलो. 'मिठागर'मध्ये तू जे केलास ना..."

"फाट्याबद्दल बोलायचं नाय," विश्राम म्हणाला.

"मरू दे तो नियम! त्या नियमानंच वाट लावली आपली."

त्याने पुसलेले हात पुन्हा पुसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सुरांचं समजलं. पण त्या दिवशी बोललंस त्याचं काय?"

"कधी?" केतकीने विचारलं.

"शेवटच्या दिवशी. मी येऊ का विचारलं, तर तू म्हणालीस, 'तुझं संपलंय, विश्राम. आता तू नकोस.' तसंच्या तसं आठवतंय. विसरण्यासारखं नव्हतंच ते."

केतकीला आपले कान खोटे वाटू लागले. हे वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. घड्याळ साक्षीला होतं. तिने तोंड उघडण्याआधी त्याने बटण बंद केलं होतं. मग हे त्याच्या कानात बोललं कोण?

पेटी. मालवणच्या पेटीतली केतकी.

तिला भराभर सगळं दिसू लागलं. विश्राम नसताना ती आणि ग्लेन पेटीवर बोलत असत. विश्रामचं संपलंय रे. आता तो नकोच. किती वेळा म्हणाली होती ती? पेटीने ते सारं ऐकलं, शिकून घेतलं, आणि एका पेटीने शिकलेलं बाकीच्या दोन्ही पेट्यांतही जायचं. विश्रामने 'येऊ?' म्हणून विचारलं, लाईन तुटली, आणि पेटीने हिशेब केला की या माणसाला ही बाई आता काय म्हणेल. जे केतकी थोड्या वेळाने म्हणणार होती, तेच पेटीने म्हणून टाकलं. अगोदर.

"ते मी नव्हतोच!" ती ओरडली. "विश्राम, शपथ. ग्लेनकडे कार्ड आहे, हवं तर ऐक. तू विचारलास तेव्हा मी नुसतं हॅलो हॅलो करत होतो. ते पेटी बोलली!"

विश्रामच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ सुटत गेली. तो पहिल्यांदा खाली बसला. "म्हणजे तू नाय बोललंस?"

आतल्या दारात सुगंधा येऊन उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला. "मी म्हटलंय ह्येंका," ती म्हणाली, "केतकीताय तशी बोलाची नाय. दोन महिने ह्यो माणूस गिटारीक हात लावूक नाय."

इथे गप्प बसायचं होतं. बस, एवढंच करायचं होतं. केतकी बोलली त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता, घड्याळानेही तो खराच ठरवला असता. समोर तिचा मित्र दोन महिन्यांनी श्वास घेतल्यासारखा बसला होता. ग्लेन म्हणाला होता, कशाला उगाच? आणि केतकीला कळत होतं की आता आपण गप्प बसलो तर या घरात पेटीतली केतकीच बसलेली राहणार, सरळ रस्त्यावरची, कानाला त्रास न देणारी.

"नाही, थांब," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "पेटी बोलली हे खरं. पण नंतर मीपण बोललो. तेच. तू बटण बंद केलास त्यानंतर. तुझ्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच. आणि पेटीला ते माझ्याकडूनच कळलं होतं. ग्लेनजवळ मी तुझ्याबद्दल हेच बोलत होतो, कित्येक दिवस."

सुगंधाचा पदर डोळ्यांशीच थबकला. बाहेर कारखान्यात बर्फाच्या लाद्या घसरल्याचा आवाज आला, कुणीतरी हाक मारली, तरी विश्राम हलला नाही. केतकीला वाटलं, आता हा उठून जाईल. किंवा म्हणेल, बरं. तो नेहमी बरंच म्हणायचा.

"तुला काय उत्तर आलं?" त्याने विचारलं.

"कसलं?"

"तू मला काढलंस, तर तुझ्या पेटीतला विश्राम काय म्हणाला?"

"म्हणाला, बरं. तू म्हणशील तसं."

विश्राम हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "बघ. पेटीला वाटलं, ही जा म्हणाली की हा जाणार. तुलाही तसंच वाटलं. आणि मी खरोखरच गेलो, म्हणजे मलाही तेच वाटलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा अंदाज बांधलात आणि मी तो खरा केला. एकानेही मला विचारलं नाय." तो तिच्यासमोर सरकून बसला. "आता विचार. तोंडावर. काय म्हणाली होतीस ते म्हण, आणि मी काय म्हणतो ते ऐक."

"विश्राम, नको रे."

"म्हण."

पेटीसमोर हे वाक्य किती सहज निघालं होतं. आता समोर त्याचे डोळे होते, बर्फाने भेगाळलेली बोटं होती.

"विश्राम," ती म्हणाली, "तुझं संपलंय. या अल्बममध्ये... तू नकोस."

"नाय," विश्राम म्हणाला.

"काय?"

"मी जायचो नाय. बँड माझोपण आसा. तुका मी नको, तर तू जा." त्याचा आवाज चढला होता, भिंतीवर आपटून परत येत होता. "तू कोण गो माका काढणारी? त्या दिवशीच ह्या बोलाक होया होता. आज बोलतंय."

अठरा वर्षांत या माणसाने केतकीला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. दारात सुगंधाही आ वासून नवऱ्याकडे बघत होती. तिनेही हा विश्राम कधी बघितला नसावा. केतकीला रडू फुटेल असं वाटत होतं आणि फुटलं ते हसू, तोंडावर हात दाबला तरी थांबेना.

"हसू नको," विश्राम म्हणाला. "मी रागात आहे. पुष्कळ दिवस राहणार आहे."

"राहा की. मी बसतो हितं, तुझा राग जाईस्तोवर."

"बसू नको. आज जा." तो उठला आणि दार उघडून उभा राहिला. "परवा ग्लेनला घेऊन ये. त्या नवीन पोराला सांग, गरज नाय. वाजवायला यायचं असेल तर ये. माफी मागायला येणार असशील तर येऊ नको."

पायरीवर बसून केतकीने चप्पल घातली. परवा हा आपल्यापुढे बसून काय वाजवेल, याची तिला कणभरही कल्पना करता येत नव्हती, आणि तिला त्याची सपाटून भीती वाटत होती.